मोठ्या फेऱ्याच्या टेपबाबत माझ्यामागची व्यवस्था

मी, देवमन पुंजाजी पडघान, वय वर्षे एकसष्ट, धर्म बौद्ध, धंदा लाउडस्पीकर भाड्याने देणे व थोडी शेती, राहणार मौजे केनवड, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, आज बुधवार दिनांक १५ फेब्रुवारी १९७८ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहायला बसलो आहे. माझी अक्कल ठिकाणावर आहे. नशापाणी मी जन्मात केले नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. वाशीमच्या कोर्टासमोर बसणाऱ्या अर्जनवीसाने मला एक नमुना दिला, त्यात "शांत चित्ताने" असे शब्द आहेत. ते मी गाळले आहेत, कारण ते खोटे होईल. मी घाबरलेलो आहे. घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र कोर्टात चालते काय, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, काका, न घाबरलेला माणूस माझ्याकडे येतच नाही.

भीती दोन गोष्टींची आहे. पोटात गाठ आहे आणि येत्या शुक्रवारी नव्हे, त्याच्या पुढच्या शुक्रवारी, म्हणजे २४ तारखेला, नागपूरच्या दवाखान्यात ती कापून काढणार आहेत. ही एक. दुसरी म्हणजे परवा सोमवारी आलेले पोस्टकार्ड. शिरपूर जैनचे बेंजो मास्टर माणिकराव सिरसाट यांनी ते पाठवले आहे. अक्षर त्यांच्या मुलीचे, गंगूचे आहे. "रविवारी सकाळच्या गाडीने येतो. गंगूला मोठा फेरा ऐकवायचा आहे. टेप काढून ठेव." एवढाच मजकूर. खरे सांगतो, डॉक्टरच्या चाकूपेक्षा मला त्या कार्डाचीच धडकी जास्त भरली आहे. कारण पुढे येईल. आधी घरादाराचे उरकतो.

कलम एक. केनवड येथील माझे दोन खोल्यांचे घर, त्याला लागून असलेले दुकान, दोन एकर कोरडवाहू जमीन आणि पोस्टातले पुस्तक, हे सर्व माझ्या हयातीनंतर माझी पत्नी भागिरथा हिच्या एकटीच्या मालकीचे व्हावे. कन्या लिलाबाई वाशीमला सुखात आहे, तिची हरकत नाही, तसे तिने तोंडी सांगितले आहे. भागिरथेने माझ्यासोबत चाळीस वर्षे काढली, त्यातली पंचवीस माणिकरावांच्या बेंजोसोबत. ती म्हणते, सवत असती तर भांडता तरी आलं असतं, या खोक्याशी काय भांडावं. लिलाबाईचाही माझ्यावर एक जुना राग आहे, तो रास्त आहे. तिच्या लग्नात मी मांडवात नव्हतो. मी मांडवामागे मशीनपाशी बसून माणिकरावांची दुसरी रेकॉर्ड लावत होतो, आणि बाप कुठे आहे म्हणून वऱ्हाडी शोधत होते. या कलमात मी तिची माफी मागतो. कायद्यात अशी तरतूद नसली तरी राहू द्यावे.

कलम दोन. हे कागद उद्या ज्या साहेबासमोर जातील त्यांना माणिकराव कोण हे ठाऊक नसणार, म्हणून थोडे लिहितो. आमच्या भागात गायन पार्ट्या असतात. एक जण बाबासाहेबांची गाणी गातो, बाकीचे साथ करतात. साथीला ढोलक, पेटी आणि बेंजो. बेंजो म्हणजे लांबट लाकडी खोका, वर तारा, डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणे, उजव्या हातात तारा छेडायची पट्टी. बेंजोवाल्याने गाणाऱ्याच्या मागे मागे चालावे अशी रीत. माणिकराव मागे चालले नाहीत. गाणे संपले तरी यांचा बेंजो संपत नसे. गाणारा बिचारा बाजूला बसून चहा पिऊन घेई, बिडी ओढून घेई, आणि हे गृहस्थ अर्धा अर्धा तास एका गाण्यातून दुसऱ्यात, तिथून भलत्याच तालात, साडेसात मात्रांचा काही हिशेब मांडून परत मूळ जागी येत. ढोलकवाले त्यांच्याकडे टिकत नसत. सन पासष्टमध्ये त्यांनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून तारांखाली एक कॉइल बसवून घेतली आणि बेंजो थेट लाउडस्पीकरच्या मशीनला जोडला. तेव्हापासून तो एकाच वेळी कोकिळेसारखा आणि एसटीच्या ब्रेकासारखा वाजू लागला. अर्धी माणसे त्यांना सोडून गेली. उरलेली अर्धी आम्ही.

मुंबईला जाऊन त्यांनी तीन रेकॉर्डी काढल्या. तिन्ही माझ्याकडे आहेत, पहिली दोनदा घेतली, कारण एक झिजली. आमची दर ऐतवारी सकाळी आठला माझ्या दुकानात बैठक असते. जगदेव मास्तर शाळेत शिकवतात. भगवंतराव माळी फुलकोबी आणि वांगी लावतात आणि बैठकीला येताना एक तरी गड्डा घेऊन येतात. रामसिंग एसटीत कंडक्टर आहे, तो कुठे कोणत्या गावी कार्यक्रम आहे याची खबर आणतो. चहा होतो, रेकॉर्ड लागते आणि भांडण सुरू होते. मास्तरांचे म्हणणे की पहिली रेकॉर्ड तीच खरी, पुढे कॉइल लावून माणसाने हात बिघडवून घेतला. भगवंतरावांचे म्हणणे की कॉइल लागली तेव्हाच बेंजोला तोंड फुटले. रामसिंगचे म्हणणे की रेकॉर्ड ही गोष्टच फोल आहे, तीन मिनिटांत माणिकराव बसतात कुठे, ते समोर बसूनच ऐकावे. यावरून त्र्याहत्तर साली मास्तर आणि मी आठ महिने बोललो नाही. चूक त्यांची होती. दुष्काळाचे साल होते, सगळ्यांच्या घरी ताण होता, आणि आम्ही दोघे कॉइलवरून तोंड फिरवून बसलो होतो.

तर व्यवस्था अशी. चारही रेकॉर्डी जगदेव मास्तरांना द्याव्यात. रेकॉर्ड प्लेअर आणि सुयांची डबी भगवंतरावांना द्यावी. म्हणजे दोघांपैकी एकालाही दुसऱ्याशिवाय ऐकता येणार नाही. दोघांनी वाटणीवरून कुरकुर केल्यास दोन्ही वस्तू लिलाबाईकडे जाव्यात.

कलम तीन. अॅम्प्लिफायर, दोन भोंगे, दोन माइक, बॅटरी आणि वायरचे भेंडोळे गावच्या विहाराला द्यावे. तिसरा भोंगा रिसोडच्या मदनसिंग लाउडस्पीकरवाल्याकडे आहे. तो त्याने एकाहत्तर साली एका लग्नासाठी नेला आणि अजून ते लग्न संपलेले नाही. तो भोंगा त्यालाच राहू द्यावा. मात्र त्याने माझ्या शोकसभेला येऊन दोन शब्द बोलू नयेत.

कलम चार. टिनाच्या पेटीत एक स्पूल टेपरेकॉर्डर आहे आणि निळ्या डब्यात एक टेप आहे. डब्यावर "मोठा फेरा, केनवड, १९६९" असे लिहिले आहे. माझा जीव गेल्यावर, कोणीही बैठकीचा माणूस घरी पोहोचण्याआधी, भागिरथेने ती टेप चुलीत घालावी. लावून पाहू नये. कोणाला ऐकवू नये. कारण विचारू नये.

(येथपर्यंत बुधवारी लिहिले.)

कलम पाच. आज गुरुवार. वरील कलम चार रद्द समजावे. ज्या माणसाने नमुना दिला तो म्हणेल की नवीन कागद घ्या. पण मी ते कलम खोडणार नाही, मला ते सुचले होते हे लोकांना कळू द्या.

काल रात्रीच्या जेवणाआधी मी भागिरथेला ते कलम वाचून दाखवले. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "आपल्या तोंडची गोष्ट मह्या हातानं कायले जाळता? माणिकराव येतील तं सांगा त्याइले." टेपेत काय आहे हे जगात फक्त तिला आणि मला माहीत आहे. आता लिहितो.

एकोणसत्तरच्या बुद्धपौर्णिमेला केनवडला माणिकरावांची पार्टी बोलावली होती. मिरवणूक लांबली, ढोलकवाल्याची गाडी चुकली, म्हणून कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवला. निंबाच्या सावलीत सतरंज्या टाकल्या. मे महिन्याचे ऊन, तरी चार गावची माणसे आली. त्या सकाळी माणिकरावांनी जे वाजवले त्याला आम्ही मोठा फेरा म्हणतो. ते त्यांनी आधी कधी वाजवले नव्हते आणि नंतर तसे जमले नाही. तीनदा त्यांनी प्रयत्न केला, मेहकरला, मालेगावला आणि शिरपूरला. प्रत्येक वेळी अर्ध्यावर थांबून म्हणाले, नाही, ते केनवडलाच राहिले.

आणि केनवडला माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता. वाशीमच्या एका व्यापाऱ्याकडून जुना घेतला होता, बॅटरीवर चालणारा. तो मी अॅम्प्लिफायरलाच जोडला, म्हणजे जे भोंग्यातून जाईल तेच टेपेत उतरेल. हे ज्याला कळते त्याला माझी चूक इथेच कळली असेल.

आमच्याकडे रीत आहे. वाजवणे मनाला भिडले की माणूस रुपया-दोन रुपये आणि चिठ्ठी पुढे पाठवतो. माइकवाला ते नाव तिथल्या तिथे पुकारतो. "आयुष्मान अमुक अमुक, राहणार अमुक, यांच्याकडून पार्टीला सप्रेम भेट." वाजवणारा मान लववतो आणि वाजवतच राहतो. माइकवाला मी. बोलताना भोंग्याने शिटी मारू नये म्हणून मशीनवरचे बेंजोच्या आवाजाचे बटण खाली करायचे (समोर बसलेल्यांना बेंजो तसाही ऐकू येतो), आपले बोलून झाले की पुन्हा वर करायचे. वीस वर्षे मी हेच केले, हात आपोआप चाले. आणि चिठ्ठ्या केव्हा येतात? वाजवणे साधे चालू असेल तेव्हा कोण पाठवतो. अंगावर काटा आला की लोक खिशात हात घालतात. म्हणजे माणिकराव जिथे जिथे सगळ्यात वर गेले, तिथे तिथे मी बटण खाली केले आणि नावे वाचली.

दुसऱ्या दिवशी मी दार लावून टेप ऐकली. मधली साधी वाट सगळी आहे, खणखणीत आहे. आणि जिथे म्हणून लोक आजही "वा" म्हणतात, तिथे माझा आवाज आहे. माझा आवाज भारदस्त आहे, सगळे म्हणतात, पुकारावे तर पडघानाने. त्या दिवशी मला तो ऐकवेना. भागिरथा दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हा तं सारा तुमचाच आवाज हाय." तेव्हापासून टेप निळ्या डब्यात आहे.

आणि मी बैठकीत सांगितले की टेप फार छान उतरली आहे, पण वारंवार लावली तर झिजेल, म्हणून जपून ठेवली आहे. मास्तरांना ते पटले, कारण त्यांच्या आवडीची पहिली रेकॉर्ड माझ्याकडे झिजलीच होती. नऊ वर्षे मी हे बोलत आलो. माणिकरावांना भेटलो की मी स्वतःहून म्हणत असे, तुमचा फेरा माझ्यापाशी सुखरूप आहे. ते हसत. मला कोणी म्हणायला सांगितले होते, हे मला अजून कळत नाही.

कलम सहा. शनिवार. या कलमात द्यायचे काही नाही, फक्त लिहितो, कारण हात रिकामा ठेवला तर पोट दुखते.

माणिकरावांना दोन वर्षांपूर्वी डाव्या अंगाला लकवा झाला. बटणांचा हात गेला. उजवा चालतो, पण नुसत्या उजव्या हाताने बेंजोतून एकच सूर निघतो. गंगू त्यांची एकुलती एक लेक, चोवीस-पंचवीस वर्षांची. नवऱ्याच्या घरून परत आली ती बेंजो घेऊनच बसली. रामसिंगने तिला दोनदा ऐकले, तो म्हणतो पोरीचा हात बापाचाच आहे, पण बाप शिकवत नाही. बाप म्हणतो, माझ्या तोंडून सांगून मोठा फेरा येणार नाही, तो देवमनच्या टेपेत आहे, तिथून उचल. येत्या बुद्धपौर्णिमेला शिरपूरला तिचा पहिला कार्यक्रम आहे. म्हणजे दोन वर्षे तो माणूस माझ्या भरवशावर गप्प बसला आहे.

काय काय मनात आले ते लिहितो. टेप ओली झाली म्हणावे. उंदरांनी खाल्ली म्हणावे. परवा दुपारी टेप घेऊन खरेच चुलीपर्यंत गेलो. विस्तवाजवळ डबा धरला तर रंगाचा वास सुटला आणि मी मागे सरलो. ऑपरेशन अलीकडे घ्या म्हणून नागपूरला तार करावी, म्हणजे रविवारी मी इथे नसेन, असेही मनात आले. माणूस किती खाली उतरू शकतो. पोट कापून घ्यायला तयार, पण तोंड उघडायला तयार नाही.

मास्तर आज सकाळी येऊन गेले. आनंदाने उड्या मारत होते. उद्या सगळ्यांनी यायचे ठरले आहे. भगवंतराव कोबीची टोपली आणणार. मास्तर म्हणाले, देवमनराव, नऊ वर्षे तुम्ही तोंडी वर्णन ऐकवले, आता पुन्हा प्रत्यक्ष. ते खरे आहे. मोठ्या फेऱ्याचे वर्णन माझ्याइतके बारीक कोणी करत नाही. नवीन माणूस बैठकीला आला की त्याला माझ्याकडेच पाठवतात.

कलम सात. आज रविवार, दिनांक १९. संध्याकाळ आहे, अजून उजेड आहे. जे झाले ते लिहितो, कारण पुढचे कलम त्याशिवाय कळणार नाही.

दहाच्या गाडीने दोघे उतरले. माणिकराव वाळले आहेत. डावा हात त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळल्यासारखा ठेवला होता. गंगूच्या खांद्यावर बेंजो. दुकानात आम्ही सगळे. मास्तरांनी छोटे भाषण केले. मी त्यांना थांबवून म्हणालो, "माणिकराव, टेपीत तुमच्यापेक्षा मीच जास्त हाय." सगळे हसले. त्यांना वाटले मी गमतीने बोललो. मग मी टेप लावली, दुसरे काही सुचले नाही.

पहिली चार मिनिटे स्वच्छ आहेत. मास्तरांनी डोळे मिटले. गंगू पुढे सरकून बसली, तिची बोटे मांडीवर चालू झाली. मग बेंजो चढू लागला, चढला, आणि एकदम खाली गेला. आणि मी. "आयुष्मान भगवंतराव माळी यांच्याकडून पार्टीला सप्रेम भेट." भगवंतराव आपले नाव ऐकून आधी खुलले, मग त्यांचा चेहरा उतरला. पुढे पुन्हा बेंजो, पुन्हा चढ, पुन्हा मी. जगदेव मास्तरांचे नाव तीनदा आले. कॉइल वाईट म्हणणाऱ्या माणसाने तीन चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. एरवी मी त्यांना जन्मभर टोचले असते. आज कोणी कोणाकडे पाहिले नाही. टेप संपून चाक रिकामे फिरू लागले तेव्हा रामसिंगने उठून ते बंद केले.

माणिकरावांनी उजव्या हाताने निळा डबा उचलून पाहिला. मग म्हणाले, "नऊ वर्सं तू मले म्हणून राह्यला, तुमचा फेरा माह्यापाशी सुखरूप हाय." आवाज चढवला नाही. भागिरथा आतून चहा घेऊन आली होती, तिने कप खाली ठेवले.

मी बोललो ते असे, की जे झाले ते मी केले, लपवलेही मीच, आणि आता पाय धरायचे तर तुम्ही धरू देणार नाही. त्यांनी ते ऐकले की नाही कोण जाणे. ते गंगूला म्हणाले, पुन्हा लाव.

दुसऱ्यांदा लावली तेव्हा माझा पहिला आवाज आला आणि माणिकरावांनी उजवा हात वर केला. गंगूने मशीन थांबवली. म्हातारा तोंडाने गायला लागला. गळा फाटका, पण सूर पक्का. "इथं मी असा गेल्तो. मग असा. मग खालच्या बटनावर येऊन थांबलो, पाह्य." गंगूने ते बेंजोवर काढले. त्यांनी मान हलवली, पुढे चल म्हणाले. दुसरी जागा आली, तीही गायली. तिसरी. दोन वर्षे जो माणूस तोंडाने काही येणार नाही म्हणत होता, त्याला माझ्या आवाजाचा इतका संताप आला की तो झाकलेले एकेक ठिकाण उकरून काढू लागला. तास-दीड तास हे चालले. भगवंतराव रडत होते. मीही रडलो, ते लपवत नाही.

शेवटची जागा सगळ्यात लांब आहे. त्या सकाळी शेवटी शेवटी एवढ्या चिठ्ठ्या आल्या की माझ्या दोन्ही हातांत मावेनात, आणि मी त्या एका दमात वाचून काढल्या. दोन मिनिटे तरी असतील. गंगूने टेप थांबवली. माणिकरावांनी सुरुवात केली, थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. कपाळ चोळले. मास्तर म्हणाले, इथे तुम्ही लय एकदम संथ केली होती. भगवंतराव म्हणाले, नाही, इथे वरच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले होते. रामसिंग म्हणाला, दोन्ही नाही, इथे ढोलक थांबला होता. तिघांनी तीन फेरे सांगितले. माणिकरावांनी तिघांनाही मान हलवून नाही म्हटले.

मग ते माझ्याकडे वळले. "देवमन, तू तं अडीच हातावर होता. साऱ्याइले तूच सांगून राह्यला नऊ वर्सं. सांग, काय वाजवलं मी इथं?"

मी सांगू शकलो असतो. माझ्याकडे त्या जागेचे वर्णन तयार आहे, शेकडो वेळा बोललेले, थोडे मास्तरांकडून ऐकलेले, थोडे भगवंतरावांकडून, थोडे मनाचे. ते ओठावर आलेही होते. गंगूची बोटे बटणांवर ठेवलेली होती, मी जे सांगेन ते ती वाजवणार होती.

मी म्हणालो, "मले माहीत नाई. मी चिठ्ठ्या वाचून राह्यलो होतो. कोणाचं नाव चुकू नये म्हणून कागदात डोळे घालून होतो."

माणिकरावांनी बेंजोकडे बोट केले. मग गंगूला म्हणाले, इथं तुह्या मनानं जा. ती गेली. ते म्हणाले, हे नव्हतं. ती दुसरीकडून गेली. ते म्हणाले, हे बी नव्हतं, पण राहू दे. मग त्यांनी थंड झालेला चहा घेतला.

कलम आठ. वरील सर्व विचारात घेऊन टेपबाबत शेवटची व्यवस्था पुढीलप्रमाणे करतो. हीच खरी समजावी.

टेपरेकॉर्डर आणि टेप ही आजच, माझ्या हयातीतच, गंगू माणिकराव सिरसाट हिला दिली आहेत. माझ्या वारसांचा त्यावर हक्क नाही. तिला वाटले तर तिने माझा आवाज पुसून टाकावा. पुसता येतो की नाही हे मला माहीत नाही, नागपूरला विचारावे.

रामसिंगला या मृत्युपत्रात काही ठेवलेले नाही, कारण घेणाऱ्याने साक्ष देऊ नये असे अर्जनवीस म्हणाला आणि रामसिंगला साक्षीदार व्हायचे होते. तो म्हणाला, मला तसेही कोबी मिळतेच. दुसरा साक्षीदार म्हणून मी मास्तरांना किंवा भगवंतरावांना घेऊ शकत नाही, त्यांना कलम दोनमध्ये वस्तू दिल्या आहेत. मी विचारण्याआधीच माणिकराव म्हणाले, आण इकडे, उजवा हात चालतो माझा.

नागपूरहून मी परत आलो नाही तर माझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गंगूने मोठा फेरा वाजवावा, अशी माझी विनंती आहे, सक्ती नाही. तो संपेपर्यंत एकही चिठ्ठी वाचू नये. भेट द्यायची त्याने डब्यात टाकावी. माझे नावही मध्ये घेऊ नये.

परत आलो तर बुद्धपौर्णिमेला शिरपूरच्या कार्यक्रमात माइक मास्तरांकडे द्यावा आणि मला पुढच्या सतरंजीवर जागा ठेवावी. डॉक्टरने बसू दिले नाही तर मी आडवा पडेन, पण येईन. भागिरथेने मला अडवू नये. लोकांत आजवर सांगितले नव्हते, ते आता सहीआधी लिहून ठेवतो. मोठा फेरा मी अजून ऐकलेला नाही.

हे मृत्युपत्र मी पाच दिवसांत लिहिले, आज साक्षीदारांसमोर पहिल्यापासून मोठ्याने वाचले, आणि त्यांच्यासमोर सही केली. खाडाखोड नाही, रद्द केलेले कलम चार तसेच ठेवले आहे.

ठिकाण: केनवड, तालुका वाशीम, जिल्हा अकोला
दिनांक: १९ फेब्रुवारी १९७८, रविवार

लिहून देणार: देवमन पुंजाजी पडघान (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. माणिकराव सिरसाट, राहणार शिरपूर जैन (उजव्या हाताने सही)
२. रामसिंग, एसटी कंडक्टर, मुक्काम केनवड (सही)